आईसाठी सोबतीचा रोबो: घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७६ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, सहकारनगरला एकटी राहते. गेल्या वर्षी वडील गेले. तेव्हापासून तिचं बोलणं कमी झालंय, सकाळचा हास्यक्लब सुटलाय, गॅस चालू राहतो, एकच गोष्ट ती दोन-तीनदा विचारते. तुम्ही म्युनिकला, भाऊ वाकडला, तो रविवारी येऊन जातो. माणसाचा मूड ओळखून त्याप्रमाणे वागणारे रोबो निघालेत असं तुम्ही वाचलंत. असा एखादा आईला घेऊन दिला तर सोबत होईल का, की ती उलट आणखी एकटी पडेल? शिवाय भावाचा १७ वर्षांचा मुलगा रात्र-रात्र एआयशी बोलत असतो, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी समुपदेशनाचं काम करते आणि हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांतून येतो. रोबोची मदत होऊ शकते असं मला मनापासून वाटतं. पण ती कशी होते हे समजून न घेता यंत्र घरात आणलं तर पैसेही जातात आणि माणूसही हिरमुसतो. यंत्र हुशार किती, यापेक्षा ते आईशी जुळवून घेता घेता तिला कुणीकडे नेतं हे मी आधी बघते. माणसांकडे नेतं, की स्वतःकडेच ओढून ठेवतं? पुढचं सगळं मी याच अंगाने लिहिते आहे.

रोबोच्या आधी एक काम मात्र करून घ्या. जोडीदार गेल्यावर वर्षभर गप्प गप्प राहणं, विसरणं, बाहेर न पडणं ही नैराश्याची लक्षणं असू शकतात, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, किंवा दोन्ही एकत्र. उतारवयात नैराश्य अनेकदा विसरभोळेपणाचं रूप घेऊन येतं आणि ते उपचारांनी सुधारतं. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी, त्याबरोबर थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची चाचणी. आपल्याकडे बी-१२ला विशेष महत्त्व आहे; पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ही कमतरता इथल्या लोकांत किती सर्रास आढळते हे दाखवून दिलंय. आणि कान तपासून घ्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके दिलेत, त्यात ऐकू कमी येणं हा एक ठळक धोका आहे. ज्यांना नीट ऐकू येत नाही ती माणसं हास्यक्लबात हसण्याचं कारण न कळल्याने ओशाळतात आणि हळूहळू जायची बंद होतात. अशा वेळी श्रवणयंत्राने जे साधतं ते कुठल्याही रोबोने साधत नाही. गॅसचंही तसंच. त्याला मूड ओळखणारं यंत्र लागत नाही. टायमर असलेली इंडक्शन शेगडी पुरते.

आता रोबोकडे येते. ‘जुळवून घेणारा’ याचा अर्थ काय, हे विकणारे लोक फार मोघम सांगतात. आत घडतं ते असं: यंत्र काही गोष्टी टिपतं, म्हणजे स्पर्श, आवाज, चेहरा, उजेड, दिवसाची वेळ. त्यावरून समोरचं माणूस आत्ता कुठल्या अवस्थेत आहे याचा अंदाज बांधतं. मग पुढचं वागणं निवडतं: बोलायचं की गप्प राहायचं, हळू की मोठ्याने, तोच विषय पुढे न्यायचा की बदलायचा. आणि मागच्या वेळी काय केल्यावर चांगला प्रतिसाद मिळाला हे लक्षात ठेवून पुढच्या वेळी तसं वागतं.

याचं सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण म्हणजे जपानचा पारो. जपानी अभियंते ताकानोरी शिबाता यांनी १९९०च्या दशकात सुरू केलेल्या कामातून तो घडला. दिसायला पांढऱ्या, मऊ केसांचं सीलचं पिल्लू, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे तान्ह्या बाळासारखं मांडीवर घ्यावं असं. तो एक शब्दही बोलत नाही. एखाद्या हालचालीनंतर तुम्ही त्याला कुरवाळलं तर ती हालचाल तो पुन्हा करू पाहतो. फटका मारला तर टाळतो. ठेवलेल्या नावाला ओ द्यायला शिकतो. सील निवडण्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. कुत्रा-मांजर बहुतेकांनी जवळून पाहिलेलं असतं, त्यामुळे यंत्रातली खोट लगेच कळते. सील कुणी पाळलेला नसतो, म्हणून अपेक्षाभंगही होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. किंमत सहा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे पाच लाखांच्या घरात, कस्टम्स वेगळं.

तो काम करतो का? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये संशोधक वेंडी मॉयल यांनी केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. २८ वृद्धनिवास, स्मृतिभ्रंश असलेले ४१५ रहिवासी, तीन गट. एका गटाला चालू पारो, दुसऱ्याला बंद केलेला पारो, म्हणजे दिसायला तोच पण निव्वळ मऊ खेळणं, आणि तिसऱ्याची नेहमीची देखभाल. आठवड्यातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा आठवडे. चालू पारोकडे लोक जास्त बघत होते, त्याच्याशी जास्त बोलत होते. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत मूड सुधारला, अस्वस्थपणाही कमी झाला. पण अस्वस्थपणा शमवण्यात बंद खेळणं चालू यंत्राच्या फारसं मागे नव्हतं. या चाचणीत पारो दिल्यावर जवळ बसून रहिवाशाला बोलतं करणारं कुणी नव्हतं, हे मात्र फार कमी जण सांगतात. मला ते कळीचं वाटतं.

का, ते आमच्याकडच्या एका प्रसंगावरून सांगते. कोथरूड भागातल्या एका दिवसभराच्या वृद्ध केंद्रात बॅटरीवर चालणारी मांजर आणली होती. पाठीवरून हात फिरवला की घुरघुरते, मान वळवते, पंजा उचलते, एवढंच. पारोच्या तुलनेत अगदीच साधी. तिथल्या एका आजींना संध्याकाळ व्हायला लागली की ‘घरी जायचंय’ म्हणून पिशवी भरण्याचा ध्यास लागायचा. स्मृतिभ्रंशात दिवस कलताना असा जीव कासावीस होणं नेहमीचंच. मावशींनी मांजर त्यांच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः शेजारी टेकल्या. आजींनी हात फिरवला, थबकल्या, म्हणाल्या, “हिचे पाय गार का गं?” मावशी म्हणाल्या, “फरशी गार आहे ना. तुमच्याकडे होती का मांजर?” “वाईला होती. दह्याच्या गाडग्यात तोंड घालायची मेली.” मग ते गाडगं, ते टांगलेलं शिंकं, त्यावरून सासूबाईंचा ओरडा, घाटावरची धुणी. पिशवी बाजूला राहिली ती मुलगा न्यायला येईपर्यंत. नंतर एकदा मावशींना स्वयंपाकघरात काम होतं, म्हणून मांजर नुसतीच मांडीवर ठेवून दिली गेली. आजींनी ती थोडा वेळ धरली, मग शेजारच्या खुर्चीत नीट बसवली आणि पिशवी भरायला घेतली.

एका आजींवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण मांजर तीच होती आणि मावशी नव्हत्या. जे बदललं ते एवढंच. यंत्राने बोलण्याला निमित्त दिलं. बोलणं मात्र माणसाशी झालं.

याच गोष्टीचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा पुरावा वृद्धांमधला नाही, लहान मुलांमधला आहे. येल विद्यापीठाच्या ब्रायन स्कॅसलाटी यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं असलेल्या १२ घरांमध्ये महिनाभर एक रोबो ठेवला. रोज अर्धा तास. खेळ अवघड होतोय की सोपा हे पाहून रोबो पातळी बदलायचा. पण त्या अर्ध्या तासात मुलाबरोबर आई किंवा बाबा बसलेले असायचे आणि रोबो मुद्दाम त्यांच्याकडे बघायचा, त्यांना खेळात ओढायचा. महिन्याच्या शेवटी तपासलं ते मूल रोबोशी कसं वागतं हे नव्हे; दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देणं त्याला किती जमतं, ते तपासलं. त्यात सुधारणा दिसली. असं यंत्र मला पटतं, कारण त्याच्या यशाची मोजणी यंत्राच्या बाहेर होते.

आता याची दुसरी बाजू. जुळवून घेणारं कुठलंही यंत्र कशाला तरी ‘यश’ समजून शिकत असतं. कुणीतरी इंजिनिअर ते ठरवून देतो. आई किती मिनिटं बोलली, यालाच यश मानलं तर यंत्र ती जास्त बोलेल असं वागायला शिकेल. तिला शेजारच्या काकूंकडे जायला सुचवणं म्हणजे त्या हिशेबात तोटा. वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण ओढा त्या दिशेने राहतो. म्हणून विक्रेत्याला हा प्रश्न सरळ विचारा: तुमचं यंत्र कशावर सुधारतं? वापराच्या वेळेवर, की आईची झोप, चालणं, लोकांशी झालेले फोन यांवर? उत्तर देता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

बोलणाऱ्या सोबती-रोबोंमध्ये इस्रायलमध्ये बनलेल्या एलिक्यूचं नाव तुम्ही वाचलं असेल. टेबलावर ठेवायचं, मान हलवणाऱ्या दिव्यासारखं दिसणारं यंत्र, शेजारी एक पडदा. ते वाट बघत बसत नाही, आपणहून बोलायला सुरुवात करतं. न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठांसाठीच्या कार्यालयाने २०२२ पासून ते आठशेहून अधिक घरांमध्ये द्यायला घेतलं आणि नंतर एकटेपणा ९५ टक्क्यांनी घटल्याचं जाहीर केलं. हा आकडा जाहिरातीसारखा सगळीकडे फिरतो. तो वापरणाऱ्यांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवावरचा आहे, हे लक्षात ठेवून वाचा. आणखी एक गोष्ट: तिथे यंत्र थेट दुकानातून घरात आलं नव्हतं. वृद्धांना ओळखणारे स्थानिक कार्यालयातले लोक कुणाला द्यायचं ते ठरवत होते. त्या व्यवस्थेचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे वेगळं काढता येत नाही. तुमच्या आईच्या घरी यंत्र पोहोचेल. ती व्यवस्था कोण उभी करणार, हा तुमचा आणि तुमच्या भावाचा प्रश्न आहे.

मग पडद्यावरचं ॲप का नको, रोबोच कशाला, असंही लोक विचारतात. समोर वस्तू असण्याने फरक पडतो, हे खरं आहे. येलमध्येच झालेल्या एका जुन्या प्रयोगात रोबोने लोकांना पुस्तकांचा गठ्ठा कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितला. रोबो प्रत्यक्ष खोलीत होता तेव्हा पडद्यावरच्या तुलनेत जास्त लोकांनी ते ऐकलं. आईने वेळेवर पाणी पिणं, औषध घेणं यासाठी हा प्रभाव उपयोगी आहे. पण पुस्तकं कचऱ्यात टाकायला लावणारा प्रभाव चुकीच्या कामालाही तितकाच उपयोगी पडेल, म्हणून त्यावर कुणाचा हात आहे हे बघायलाच हवं.

रूपाबद्दल माझं मत पक्कं आहे: माणसासारखा दिसणारा घेऊ नका. केंब्रिज विद्यापीठातल्या हातिजे गुनेश यांच्या गटाने २०२३ मध्ये एका कंपनीतल्या २६ कर्मचाऱ्यांबरोबर चार आठवडे काम केलं. दोन रोबो, दोघांचा आवाज तोच, संवाद तेच, व्यायामही तेच: आठवड्यात काय चांगलं घडलं ते आठवणं, कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगणं. एक खेळण्यासारखा, दुसरा लहान मुलासारखा दिसणारा. खेळण्यासारखा दिसणारा लोकांना जास्त भावला. माणसासारखं रूप पाहिलं की आपण माणसासारखी समज अपेक्षितो आणि तिथे यंत्र उघडं पडतं. शिक्षिका असलेल्या बाईंना तर ते पहिल्या दोन वाक्यांतच कळेल.

मूड ओळखण्याच्या दाव्याबद्दल मात्र मी तुम्हाला निक्षून सावध करते. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याविषयीचं संशोधन एकत्र तपासून दाखवलं की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. लोक रागात नेहमी कपाळाला आठ्या घालत नाहीत आणि आठ्या घालणारा प्रत्येक जण रागावलेला नसतो. आपल्या घरांमध्ये तर हे आणखी खरं. आल्यागेल्यासमोर हसून चहा टाकणारी बाई आतून पूर्ण खचलेली असू शकते. माझ्याकडे येणारे ज्येष्ठ ‘मला उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणतात. ते म्हणतात, छातीत धडधडतं, पायांतली शक्ती गेली, तोंडाला चव नाही, रात्री तीनला जाग येते ती येतेच. वडिलांचा विषय निघाल्यावर आई उठून आत जाते आणि गॅस पुसायला लागते, हे तुमच्या भावाला समजेल. यंत्र त्याला ‘हालचाल सामान्य’ म्हणेल. भर म्हणून मराठी बोलणं, त्यातही वय झालेला, कवळीतून येणारा, अर्धं वाक्य गिळणारा आवाज यंत्राला ऐकणं जड जातं. घेण्याआधी आईचा स्वतःचा आवाज ऐकवून बघा, दुकानातल्या मुलाचा नव्हे. आणि ते तिला ‘तू’ म्हणणार असेल तर सेटिंग बदलून घ्या.

‘ही फसवणूक नाही का’ हा प्रश्न घरोघरी येतो आणि तो मी कधीच उडवून लावत नाही. तुमच्या आईला हे यंत्र आहे हे आज पक्कं कळेल. तेव्हा तिला सांगून, दाखवून, विचारूनच आणा. ‘सरप्राइज’ म्हणून पार्सल पाठवू नका. ‘मुलांनी माझी जबाबदारी यंत्रावर टाकली’ असा अर्थ ती काढेल, आणि तसा काढायला जागा राहील. पुढे आजार वाढला आणि ती त्या वस्तूला जिवंत समजायला लागली तर? वाईच्या मांजरीची आठवण काढणाऱ्या आजींना ‘अहो, हे बॅटरीचं आहे’ असं सांगण्यात कुणाचंही भलं नव्हतं. त्यांनी थेट विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते. सांगत सुटायचं नाही आणि विचारल्यावर लपवायचं नाही, एवढं मी पाळते आणि मावशींनाही शिकवते.

जीव लागल्यावर यंत्र गेलं तर काय, याचा विचार आधीच करा. हे उगाच घाबरवणं नाही. जिबो नावाचा गाजलेला घरगुती रोबो २०१७ मध्ये आला. २०१९ मध्ये त्याचे सर्व्हर बंद होणार हे त्यानेच मालकांना निरोप घेत सांगितलं. मॉक्सी हा मुलांच्या भावनिक वाढीसाठीचा रोबो, किंमत ७९९ डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि आईबापांवर लहान मुलांना ‘तो आता बोलणार नाही’ हे समजावण्याची वेळ आली. जपानमध्ये सोनीने जुन्या ‘आयबो’ या रोबो-कुत्र्यांची दुरुस्ती बंद केल्यावर लोकांनी देवळात त्यांचे अंत्यविधी केले. ज्या बाईंचा नवरा वर्षापूर्वी गेला, तिला दुसऱ्यांदा अशा शांततेला सामोरं जायला लावू नका. इंटरनेट आणि कंपनी दोन्ही नसताना यंत्र निदान काय काय करतं, हे लेखी मागा. बॅटरीची मांजर या कसोटीवर पाच लाखांच्या पुष्कळ यंत्रांपेक्षा सरस ठरते, आणि म्हणूनच मी बहुतेक घरांना सुरुवात तिथून करायला सांगते.

कॅमेऱ्याचं बघा. आई गाऊनवर वावरते, देवापुढे रडते, बँकेचा पिन पुटपुटते. हे सगळं कुठल्या सर्व्हरवर जातं, किती दिवस राहतं, कोण ऐकतं? भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. ही संमती आईची हवी, तुमची नव्हे. झोपायच्या खोलीत कॅमेरा नको, आणि तो झाकायचं झाकण तिला स्वतःला लावता आलं पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचं: रात्री अडीच वाजता आई त्या यंत्राला ‘आता जगून काय करायचं’ असं म्हणाली, तर पुढे काय होईल? छान समजूतदार वाक्य बोलून यंत्र गप्प बसेल, की भावाचा फोन वाजेल? वृद्धांचं असं बोलणं आपल्याकडे ‘वय झालं की बोलतात तसं’ म्हणून सोडून दिलं जातं. सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही. तो क्रमांक आईच्या फोनजवळ ठळक अक्षरांत लावा, आणि खालच्या मजल्यावर किंवा शेजारी किल्ली असलेलं एक घर ठरवून ठेवा. यंत्रामागे जागं माणूस नसेल तर ते मनाच्या आजारासाठी वापरू नये, याबाबत मी तडजोड करत नाही.

भाच्याबद्दल. यंत्रापुढे मन मोकळं करणं सोपं जातं यात नवल नाही. केंब्रिजच्याच गटाने २०२२ मध्ये ८ ते १३ वयाच्या २८ मुलांबरोबर साधारण ६० सेंटिमीटर उंचीचा नाओ रोबो वापरला. काही मुलांनी प्रश्नावलीत किंवा आईबापांच्या उत्तरांत कुठेच न आलेल्या गोष्टी रोबोला सांगितल्या. पण तिथे रोबोने ऐकलेलं संशोधकांपर्यंत पोहोचत होतं. भाच्याच्या फोनमधलं कुणापर्यंतच पोहोचत नाही, आणि समोरचं यंत्र दमत नाही, कंटाळत नाही, ‘झोप आता’ म्हणत नाही. तो बारावीत असेल तर प्रवेश परीक्षेचं ओझं, झोपेची लागलेली वाट आणि ‘घरच्यांना काय कळतंय’ ही भावना एकत्र असते. अमेरिकेत २०२४ पासून काही पालकांनी मुलांच्या आत्महत्यांनंतर चॅटबॉट कंपन्यांवर दावे लावलेत, तेव्हा हलक्यात घेऊ नका. पण फोनही हिसकावू नका. त्याचा एकमेव श्रोता तुम्ही काढून घेताय असं त्याला वाटेल. भावाला सांगा, ‘त्याच्याशी काय बोलतोस’ असं विचारू नकोस. ‘त्याला सांगताना काय सोपं जातं’ असं विचार. आणि उत्तर आलं की सल्ला देऊ नकोस. तुम्ही युरोपात आहात म्हणून सांगते: तिथल्या एआय कायद्याने शाळेत आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारी यंत्रणा फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंद केली आहे. इथल्या एखाद्या क्लासने ‘विद्यार्थ्यांचा मूड ओळखणारं’ काही विकायला काढलं तर भावाने नाही म्हणावं. मुलगा झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ.

परत आईकडे. तपासण्या झाल्यावर, औषधोपचार लागत असतील तर ते सुरू झाल्यावर, आणि आईने स्वतः ‘बघू या’ म्हटलं, तर साधं स्पर्शाला प्रतिसाद देणारं खेळणं आणि आवाजावर चालणारा एखादा स्पीकर एवढ्याने सुरुवात करा. स्पीकरवर तिच्या पसंतीचा दिनक्रम बसवा: सकाळी अभंग, साडेसहाला ‘हास्यक्लबला काकू खाली थांबल्यात’, संध्याकाळी पाचला तुमचा फोन. यातल्या प्रत्येक सूचनेच्या टोकाला एक माणूस हवं. त्या काकूंशी भावाने आधी बोलून घ्यावं, म्हणजे आठवण वाजेल तेव्हा त्या खरंच खाली असतील. तुमच्या मुलांना आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर मराठी शिकवायचं काम आईला द्या, गृहपाठ तपासण्यासकट. आयुष्यभर शिकवलेल्या बाईंना कुणीतरी लक्ष ठेवण्यापेक्षा कुणीतरी वाट बघणं जास्त बरं करतं. तिचे जुने विद्यार्थी पुण्यात नक्की असतील, एकदोघांना गाठा.

यंत्र आणण्याआधीचा एक आठवडा भावाने वहीत साध्या नोंदी ठेवाव्यात: आईने आपणहून किती जणांना फोन केला, किती वेळा जिना उतरली, रात्री किती वाजता जाग आली, बोलण्यात कुणाकुणाची नावं आली. यंत्र आल्यानंतर पुन्हा त्याच नोंदी ठेवा, आणि दोन महिने तरी ठेवा, कारण पहिले काही आठवडे नवलाईचे असतात आणि त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. फोन आणि जिना वाढले तर यंत्र राहू द्या, परवडलं तर पुढचं बघा. यंत्राशी बोलणं वाढलं पण बाकीच्या नोंदी तिथेच राहिल्या किंवा घटल्या, तर आईला विश्वासात घेऊन ते कपाटात ठेवा आणि तेच पैसे आठवड्यातून तीन दुपारी येऊन बसणाऱ्या मदतनीस बाईंवर खर्च करा. बाई ठरवताना ब्युरोला एवढंच सांगा की काम कमी असेल तरी चालेल, पण गप्पा मारणारी हवी.